तेलाचा डाग काढताना आधी काय, मग काय

मिसळ खाताना तर्रीचा थेंब शर्टावर पडला की हात आधी पाण्याकडे जातो. फिंगर बोलमधलं लिंबू डागावर चोळलं जातं, घरी आल्यावर कपड्याची वडी घासली जाते, शर्ट दोरीवर जातो आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीला. इस्त्री होऊन परत आला की खिशाखाली तोच डाग दिसतो, आता थोडा पिवळसर. मग दोष साबणाला दिला जातो. खरं म्हणजे सुती कपड्यावरचं ताजं तेल काढणं हे घरच्या धुण्यातलं सोपं काम आहे. ते अवघड होतं क्रम चुकल्यामुळे: पाणी फार लवकर लागतं आणि इस्त्री डाग पूर्ण जायच्या आधी फिरते. हा क्रम सांभाळला तर स्वयंपाकघरात असलेल्या वस्तूंवरच बहुतेक डाग निघतात.

ओल्या कपड्यावर डाग का दिसत नाही

सुती कापड फिकट दिसतं त्यात धाग्यांमधल्या हवेचा मोठा वाटा असतो. प्रकाश धाग्यातून हवेत आणि हवेतून पुन्हा धाग्यात जाताना दर वेळी वळतो, विखुरतो आणि आपल्या डोळ्यांकडे परत येतो. त्या फटींमध्ये तेल शिरलं की हवा बाहेर पडते. प्रकाश वळवण्याची तेलाची क्षमता, म्हणजे अपवर्तनांक, सुमारे १.४७ असतो. सुताचा १.५५ च्या आसपास, हवेचा जेमतेम १. तेल आणि सूत यांच्यात फरक इतका कमी की प्रकाश फारसा न विखुरता आत जातो. म्हणून तेवढीच जागा गडद आणि किंचित पारदर्शक दिसते.

पाणीही हेच करतं. त्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून भिजलेलं कापड सगळंच गडद दिसतं आणि तेलाचा डाग त्या गडदपणात मिसळून जातो. कपडा ओला असेपर्यंत डाग गेला की राहिला हे नजरेला कळतच नाही. पिळताना शर्ट स्वच्छ वाटतो आणि वाळल्यावर डाग उठून दिसतो, तो परत आलेला नसतो, तो गेलेलाच नसतो. या लेखातली अर्धी काळजी याच एका कारणासाठी घ्यायची आहे.

पहिला अर्धा तास

बाहेर असाल तर फक्त कोरडा टिश्यू पेपर डागावर दाबून धरा आणि उचला. चोळू नका. पेपरची कोरडी बाजू घेऊन पुन्हा दाबा. लिंबाच्या आंबटपणाने तेल सुटत नाही आणि कोमट पाण्याने ते नुसतं पसरतं. एवढं करून घरी येईपर्यंत थांबलात तरी काही बिघडत नाही. त्याच दिवशी हात लावला म्हणजे झालं.

घरी आल्यावर पहिली पायरी कोरडी पावडर. अंगाला लावायची टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर चालतं. तांदळाचं पीठ अगदी बारीक दळलेलं असेल तर तेही चालतं. बेसन घेऊ नये, त्यात मुळातच थोडं तेल असतं आणि रंग पिवळा. कपडा सपाट टेबलावर पसरा, डागाच्या खाली घडी घातलेलं पांढरं फडकं ठेवा आणि डागावर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा थर द्या. बोटाने हलकं दाबा आणि पंधरा ते तीस मिनिटं सोडून द्या.

इथे नेमकं काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. द्रव नेहमी रुंद फटीकडून अरुंद फटीकडे ओढला जातो. पावडरच्या कणांमधल्या फटी कापडाच्या दोन धाग्यांमधल्या फटींपेक्षा कितीतरी बारीक, म्हणून तेल धाग्यांमधून वर चढून पावडरमध्ये येतं. काही मिनिटांत थराचा तळ ओलसर, मातकट दिसू लागतो आणि कण एकमेकांना चिकटून त्यांची खपली बनते. ती खपली ब्रशने झटकली की बरंच तेल तिच्यासोबत गेलेलं असतं. पुन्हा नवा थर द्यावा. दुसरा किंवा तिसरा थर कोरडाच राहिला की पावडरचं काम संपलं.

कपडा आधीच भिजवला असेल तर ही पायरी हातची जाते, कारण त्या बारीक फटींमध्ये मग पाणीच भरतं. पाणी आधी लावू नये याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण भांडी घासायच्या लिक्विडशी जोडलेलं आहे. भांड्यांचं लिक्विड हे मुद्दाम खाद्यतेल सोडवण्यासाठी बनवलेलं असतं. त्यातल्या रेणूंचं एक टोक पाण्यात रमतं आणि दुसरं तेलात. तेलाकडचं टोक डागात शिरतं, पाण्याकडचं बाहेर राहतं, आणि कापडावर चपटा पसरलेला तेलाचा थर आक्रसत जाऊन त्याचा गोल थेंब होतो. गोल झालेला थेंब धाग्याला फार कमी जागी टेकलेला असतो, म्हणून हलक्या हालचालीने सुटतो. हे सगळं चांगलं होतं ते लिक्विड घट्ट असताना. एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर लिक्विड आठ लिटर पाण्याच्या अर्ध्या बादलीत टाकलं तर ते सोळाशे पट पातळ होतं. तेच पाच-सहा थेंब कोरड्या डागावर थेट पडले तर पूर्ण ताकदीने काम करतात.

म्हणून पावडर झटकल्यावर कोरड्याच कपड्यावर, उलट्या बाजूने, लिक्विडचे थेंब टाका. रुपयाच्या नाण्याएवढ्या डागाला पाच-सहा थेंब पुरतात. बोटाच्या पेराने किंवा जुन्या मऊ टूथब्रशने कडेकडून मध्याकडे हलकं फिरवा. मध्याकडून बाहेर फिरवलं तर डाग रुंदावतो आणि वाळल्यावर त्याचं कडं उरतं. उलट्या बाजूने करायचं ते तेल आलं त्याच वाटेने परत ढकललं जावं म्हणून. दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, पण लिक्विड वाळू देऊ नका. मग चमचाभर कोमट पाणी टाकून पुन्हा बोट फिरवा. फेस दुधासारखा पांढरा झाला म्हणजे तेल सुटून पाण्यात आलं.

दोन गोष्टी इथे नेहमी चुकतात. भांडी घासायची वडी कपड्याला लावली जाते. तिच्यात खरकटं निघावं म्हणून बारीक दगडी भुकटी असते, आणि ती गडद कपड्यावर कायमचा पांढरट घासल्याचा पट्टा उठवते. लिक्विडच घ्यावं. दुसरी चूक रंगाची: इरकल, कलमकारी, इंडिगो, बाटिक यांचे रंग सुटू शकतात. आत दुमडलेल्या शिवणीवर एक थेंब लिक्विड लावून पाच मिनिटांनी पांढरा रुमाल दाबावा. रुमालावर रंग आला तर तो कपडा घरी हाताळू नये.

पाणी किती गरम

नळाच्या गार पाण्यात सगळी तेलं सारखी वागत नाहीत. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांवर येतो, तेव्हा बाटलीतलं खोबरेल घट्ट होतं तसंच ते कपड्याच्या धाग्यातही घट्ट होतं, आणि घट्ट तेलाचा थेंब बनत नाही. साजूक तूप पूर्ण पातळ व्हायला त्याहून जास्त उष्णता लागते आणि शंकरपाळ्यांच्या मोहनातलं वनस्पती तूप त्याच्याही पुढे. गोडं तेल, सूर्यफूल, करडई, सोयाबीन ही तेलं हिवाळ्यातही पातळ राहतात, पण कोमट पाण्यात अधिक सहज सुटतात.

थर्मामीटरची गरज नाही. एक तांब्या उकळतं पाणी आणि तीन तांबे नळाचं पाणी एकत्र केलं की ४० अंशांच्या आसपासचं पाणी मिळतं. हात सुखाने राहतो. अर्धं उकळतं आणि अर्धं नळाचं घेतलं तर ६० च्या जवळ जातं. त्यात हात ठेववत नाही. रंगीत सुती आणि मिश्र कापडाला ४० पुरे. पांढऱ्या जाड सुतीला, म्हणजे पंचे, टॉवेल, उशांचे अभ्रे यांना ६० चालतं. लोकरीला आणि रेशमाला दोन्ही नाही.

डागावर लिक्विडचं काम झाल्यावर कपडा ४० अंशांच्या पाण्यात नेहमीच्या धुण्याच्या पावडरसोबत अर्धा तास भिजवा. पाकिटावर एन्झाइमचा उल्लेख असेल तर तासभर ठेवा. त्यातलं लायपेज नावाचं एन्झाइम चरबीच्या रेणूंचे तुकडे करतं, पण सावकाश करतं, आणि ६० च्या पुढच्या पाण्यात निकामी होतं. एन्झाइमवाली पावडर उकळत्या पाण्यात टाकणं म्हणजे तिचा महागडा भाग वाया घालवणं. मशीनमध्ये टाकणार असाल तर डागावरचं भांड्याचं लिक्विड आधी विसळून काढा, नाहीतर फेस इतका होतो की कपडे एकमेकांवर नीट घासलेच जात नाहीत. मशीन ठासून भरू नये. पाणी कमी पडलं की सुटलेलं तेल बाकीच्या कपड्यांवर जाऊन बसतं आणि सगळ्या घाण्यावर करडी छटा येते.

वाळल्यावरची परीक्षा

आता सर्वांत महत्त्वाचा टप्पा. कपडा सावलीत वाळवा. वाळल्यावर खिडकीच्या उजेडासमोर तिरका धरून पाहा. शंका असेल तर डागाच्या जागी बोटाने पाण्याचा एक थेंब सोडा आणि शेजारच्या स्वच्छ जागी दुसरा. धुतलेल्या सुती कापडात थेंब लगेच शोषला जातो. डागाच्या जागी तो क्षणभर मण्यासारखा टिकला, किंवा एका बाजूला सरकून मग शोषला गेला, तर तेल अजून आत आहे. मग पुन्हा कोरड्या कपड्यावर लिक्विडपासून सुरुवात. दोन फेऱ्या लागणं नेहमीचं आहे. कपडे मऊ करायचं कंडिशनर वापरत असाल तर ही परीक्षा फसते, कारण त्याचा मेणासारखा थर सगळ्याच कपड्यावर पाणी अडवतो.

परीक्षेत पास होईपर्यंत इस्त्री नाही. सुती कपड्याची इस्त्री २०० अंशांच्या घरात जाते, आणि कोळशाच्या इस्त्रीला तापमानाचं बटणही नसतं. एवढ्या उष्णतेत उरलेलं तेल आधी पातळ होऊन धाग्याच्या आणखी आत शिरतं आणि मग हवेतल्या प्राणवायूशी त्याची क्रिया वेगाने होते. तेलाचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळं तयार होतं. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या बरणीच्या बुडाशी जो चिकट पिवळा थर जमतो, तो हाच. तो पाण्याने निघत नाही, साध्या साबणाने निघत नाही, आणि कपड्यावर झाला की तसाच वागतो.

ही क्रिया इस्त्रीशिवायही होते, फक्त हळू. जवस, करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांच्या तेलात ती झपाट्याने होते. शेंगदाणा आणि तीळ मधे बसतात. खोबरेल आणि तूप यांच्यात जवळजवळ होत नाही. म्हणून कपाटात महिनाभर पडलेला तुपाचा डाग अजून निघू शकतो आणि करडईच्या तेलाचा डाग तेवढ्याच काळात हट्टी होतो. इस्त्रीवाल्याकडे गठ्ठा देताना डागाचा कपडा बाजूला काढून ठेवायची सवय घरात एकदा लागली की बरेच शर्ट वाचतात.

तर्री आणि हळद

नुसत्या तेलाचा डाग आणि तर्रीचा डाग यात फरक आहे. तर्रीत तेल, मिरचीचा लाल रंग आणि हळद अशी तीन कामं एकत्र असतात. मिरचीचा आणि हळदीचा रंग पाण्यात नव्हे, तेलात विरघळतो, म्हणून तेल त्यांना धाग्याच्या आत पोचवतं. तेल निघालं की त्याच्यासोबत रंगही बराच निघतो. उरते ती हळद.

हळदीच्या डागाला कपड्याची वडी लागली की तो लालभडक होतो आणि लोक घाबरतात. हळदीतलं करक्युमिन आम्लात पिवळं आणि अल्कलीत लालसर होतं; वडीत सोडा असतो, म्हणून हा रंगबदल. कपडा नीट विसळला, किंवा शेवटच्या पाण्यात अर्ध्या बादलीला दोन चमचे व्हिनेगर टाकलं, की तो पुन्हा पिवळा होतो. काही बिघडलेलं नसतं.

करक्युमिनचा खरा शत्रू ऊन. पण इथे क्रम पुन्हा आडवा येतो: तेल आत असताना कपडा उन्हात टाकला तर हळद फिकी पडते आणि तेल मात्र पक्कं होऊ लागतं. आधी पावडर, लिक्विड, धुणं, थेंबाची परीक्षा, आणि त्यानंतरच पिवळी छटा उन्हाच्या बाजूला करून वाळत घालायचं. कपडा किंचित ओलसर ठेवून एक ते तीन दिवस चांगलं ऊन दिलं की पांढऱ्या सुतीवरची छटा बहुधा निघून जाते. जुलै-ऑगस्टच्या झडीत ऊन मिळत नाही. तेव्हा तेल काढून कपडा बाजूला ठेवावा आणि उघडीप मिळाली की उन्हात घालावा. हळदीला थांबायला हरकत नसते, तेलाला असते.

पांढऱ्या सुतीवर क्लोरीनचं ब्लीच हळद घालवतं, पण तेल तसंच सोडतं, म्हणून तेही तेलानंतरच. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा लिंबू एकत्र कधीही आणू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो छातीला लागतो. रेशमाला आणि लोकरीला ब्लीच चालतच नाही. निळीने डाग निघत नाही. पिवळेपणा फक्त झाकला जातो.

टेरिकॉट, पॉलिस्टर

शाळेचे गणवेश, ऑफिसचे न चुरगळणारे शर्ट, जिमचे टी-शर्ट यांत पॉलिस्टर असतं, आणि तेलाच्या डागाची खरी डोकेदुखी तिथे आहे. सूत हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतं. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. सुताला पाण्याची ओढ असल्यामुळे पाणी धाग्यात शिरून तेलाला बाहेर ढकलतं. पॉलिस्टरला ओढ तेलाची. पाणी वरून निघून जातं, तेल धाग्याला बिलगून बसतं.

उपाय वेगळे नाहीत, प्रमाण आणि वेळ वेगळी. लिक्विड दीडपट, पंधरा मिनिटांऐवजी अर्धा तास, पाणी ४० ते ४५, आणि धुण्यातही पावडर नेहमीपेक्षा थोडी जास्त. त्याहून गरम पाण्यात पॉलिस्टरला पडलेल्या सुरकुत्या पक्क्या होतात. कॉलरची आतली काळी पट्टी हीसुद्धा तेलच, त्वचेचं आणि केसांचं. तिच्यावर केसांचा शॅम्पू उत्तम चालतो, कारण तो त्याच तेलासाठी बनवलेला असतो. प्रवासात असाल तर शॅम्पूची एक पुडी भांड्याच्या लिक्विडच्या जागी खुशाल वापरा.

इस्त्री होऊन गेलेला जुना डाग

पांढऱ्या किंवा पक्क्या रंगाच्या जाड सुतीवर प्रयत्न करण्यासारखा आहे. पहिल्या दिवशी कोरड्या डागावर लिक्विड लावून एक तास, वाळू लागलं तर वरून आणखी दोन थेंब. मग अर्ध्या बादलीत, आठ लिटर ६० अंशांच्या पाण्यात, धुण्याचा सोडा दोन मोठे चमचे आणि पावडर एक मोठा चमचा घालून दोन तास भिजवा. हा धुण्याचा सोडा, खाण्याचा नव्हे. खाण्याचा सोडा यासाठी फार सौम्य पडतो. सोडा अल्कली असल्यामुळे तेलाच्या जुन्या थराचा काही भाग साबणात बदलतो. हातमोजे घालावेत, सोड्याने हातांची कातडी कोरडी पडते. पिवळेपणा उरला तर ऑक्सिजनवालं ब्लीच त्याच गरम पाण्यात, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात. अशा तीन फेऱ्यांनंतरही डाग तेवढाच दिसत असेल तर तिथे थांबावं. त्यापुढे डागाआधी कापड झिजतं.

साखळीचं ग्रीस

दुचाकीच्या साखळीला सलवारीचा किंवा पँटचा काठ लागणं पुण्यात रोजचं. हे तेल वेगळ्या जातीचं आहे. खनिज तेलाचा साबण होत नाही, म्हणून सोडा निरुपयोगी, आणि लायपेजचाही त्याच्यावर परिणाम नाही. ग्रीस म्हणजे खनिज तेल आणि ते घट्ट करणारा धातूचा साबण. काळा रंग त्यात मिसळलेल्या धुळीचा आणि झिजलेल्या धातूच्या कणांचा असतो. ते कण कापडात रुतले की तेल गेल्यावरही करडी रेघ राहते, म्हणून ग्रीस कधीही चोळू नये.

आधी जुन्या चमच्याच्या कडेने किंवा प्लॅस्टिकच्या कार्डाने वरचा थर खरवडून उचला. मग अर्धा चमचा खोबरेल तेल डागावर लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा. तेलावर तेल लावणं विचित्र वाटेल, पण घट्ट ग्रीस पातळ तेलात विरघळून सैल होतं आणि काळे कण त्याच्यासोबत सुटतात. टिश्यूने टिपून घ्या, मग लिक्विड, मग ४० अंशांचं पाणी. बहुतेक ताजे डाग एवढ्यावर निघतात.

नाही निघाला तर रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन. डाग खाली करून कपडा घडीच्या फडक्यावर ठेवा, उलट्या बाजूने कापसाच्या बोळ्याने टिपत जा, आणि खालचं फडकं सारखं सरकवत राहा म्हणजे काळं त्यात उतरेल. चमचाभर टर्पेंटाइन पुरतं. हे काम गॅलरीत, गॅस आणि देवघरातला दिवा यांच्यापासून लांब. वास पूर्ण जाईपर्यंत कपडा बाहेर टांगा आणि मगच लिक्विड लावून धुवा. ओलाच मशीनमध्ये टाकू नका. वापरलेले बोळे आणि फडकी गोळा करून डब्यात कोंबू नयेत, ती आपोआप तापू शकतात. उघड्यावर पसरून वाळू द्यावीत. छापील टी-शर्टवर टर्पेंटाइन लावलं की छपाई विरघळते, आणि इलास्टिकही खराब होतं. पेट्रोल वापरू नये, त्याची वाफ पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. नेलपॉलिश रिमूव्हर तर अस्तराच्या काही कापडांना थेट भोक पाडतं.

बोअरच्या पाण्याचं काय

पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं पाणी सौम्य आहे. पण शहराच्या कडेच्या बऱ्याच सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात, आणि भूगर्भातल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं. अंगाच्या साबणाला फेस येत नसेल, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर साचत असेल, तर पाणी जड आहे. अशा पाण्यात तेलापासून बनवलेला साबण कॅल्शियमला चिकटून करडा, चिकट साका तयार करतो. तो कपड्यावर बसला की दिसतो थेट जुन्या तेलकट डागासारखा, आणि लोक त्यावर आणखी साबण घासतात. भांड्यांच्या लिक्विडला आणि धुण्याच्या पावडरला याचा त्रास कमी होतो. जाड सुती कपड्यांसाठी पावडर टाकण्याआधी पंधरा लिटरच्या बादलीत एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवून पाच मिनिटं थांबलं की पाणी बरंच सौम्य होतं.

दिवाळीत अभ्यंगस्नानानंतरचे पंचे, बाळाच्या मालिशीची दुपटी, उशांचे अभ्रे यांना हेच पाणी द्यावं: सोडा, ६० अंश, तासभर. इतर कपड्यांपासून वेगळं धुवावं. खवट वास येत असेल तर तेल अजून आत आहे असं समजून दुसरं पाणी द्यावं. सुवासिक कंडिशनरने वास झाकला तर पुढच्या वेळी काम दुप्पट होतं.

पैठणी आणि इतर रेशीम

इथे वरचं जवळजवळ काहीच लागू होत नाही. रेशमाला सोडा मानवत नाही, घासलं की धाग्याचे बारीक तंतू उसवून पांढरट चट्टा उठतो आणि तो कशानेही जात नाही. एन्झाइमच्या पावडरीतले काही एन्झाइम प्रथिनं तोडतात, आणि रेशीम हे प्रथिनच. एका जागी पाणी लावलं तरी रंग आणि खळ कडेला सरकून कडं पडतं. रिठ्याचं पाणी सौम्य असतं, साध्या सुती-रेशमी साडीला ते पूर्वापार चालत आलं आहे, पण तेही सबंध साडी बुडवून, डागापुरतं नाही. फिकट रंगावर त्याची तपकिरी छटा येऊ शकते. पैठणीवर तो प्रयोग नको.

समईचं तेल किंवा जेवणातलं तूप रेशमावर सांडलं तर घरी करायचं ते फक्त पावडरपर्यंत. मऊ सुती कापडावर साडी सपाट पसरा, टिश्यूने न दाबता तेल टिपा, टाल्कमचा चार-पाच मिलिमीटरचा थर द्या आणि रात्रभर राहू द्या. सकाळी उलट्या बाजूने टिचकी मारून पावडर पाडा. जरीत अडकलेली मऊ कोरड्या ब्रशने काढा. दोन-तीन रात्री हे केलं की छोटा थेंब पुष्कळदा दिसेनासा होतो. राहिला तर इस्त्री किंवा रोल प्रेस न करता लवकरात लवकर ड्रायक्लीनरकडे.

तिथे देताना डाग पेनाने दाखवू नका. डागाभोवती पांढऱ्या दोऱ्याचा एक सैल टाका घाला. डाग कशाचा आणि केव्हाचा हे सांगा. नुसतं तेल असेल तर ड्रायक्लीनिंगमध्ये ते सहज निघतं, कारण तिथे पाण्याऐवजी तेल विरघळवणारं द्रावण वापरतात. पुण्यात त्याला अजून पेट्रोल वॉश म्हणणारे बरेच आहेत. पण श्रीखंड, बासुंदी, पाक यांतली साखर त्या द्रावणात विरघळत नाही, आणि हळदही पूर्ण निघत नाही. सांगितलं नाही तर तूप निघून जातं, साखरेचा डाग दिसत नाही, आणि रोल प्रेसच्या उष्णतेत तो तपकिरी होऊन वर येतो. साडी परत आली की प्लॅस्टिकची पिशवी लगेच काढा, द्रावणाचा वास जाईपर्यंत काही तास सावलीत पसरून ठेवा आणि मग मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवा.